न्यू जर्सीत नोकरीला जाताना: पगार, कर आणि घरखर्चाचा हिशोब

नोकरीचे पत्र आले की घरात पहिला गुणाकार होतो तो डॉलर आणि रुपयाचा, आणि हिशोबाची गाडी तिथेच चुकीच्या रुळावर जाते. न्यू जर्सीत वर्षाला एक लाख डॉलर पगार असलेल्या एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण सहा हजार डॉलर पडतात आणि त्यातला तिसरा हिस्सा, कधी कधी त्याहून अधिक, एकट्या घरभाड्यात जातो. म्हणून हातात नेमके किती पडणार हे आधी काढावे, कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण एकाच राज्यात आहे का ते पाहावे, आणि मगच घर शोधायला निघावे. या राज्यात कर कापून घेण्याची यंत्रणा आपोआप चालते. त्यातून परत मिळू शकणारे पैसे मात्र कोणी आपण होऊन देत नाही. ते मागावे लागतात. पुढील आकडे प्रामुख्याने २०२५ या करवर्षाचे आहेत आणि त्यातल्या मर्यादा बहुधा दर जानेवारीत थोड्या बदलतात, एवढे लक्षात ठेवून ते वापरावेत.

पहिली पायरी: पत्रातला आकडा नीट वाचणे

भारतातल्या ‘सीटीसी’मध्ये कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असे सगळे मिळवून आकडा फुगवलेला असतो. अमेरिकेतल्या पत्रातला मूळ पगार हा सहसा खरोखरच मूळ पगार असतो आणि निवृत्तिनिधीतला कंपनीचा वाटा किंवा आरोग्यविम्यातला तिचा हिस्सा त्याच्या वर असतो. त्यामुळे दोन नोकऱ्यांची तुलना करताना केवळ पगाराकडे न पाहता तीन प्रश्न लेखी विचारावेत: आरोग्यविम्याचा हप्ता माझ्या पगारातून दरमहा किती कापला जाईल, त्या विम्यात वर्षाला किती खर्च आधी स्वतः करावा लागेल, आणि ‘४०१ के’ या निवृत्तिबचतीच्या खात्यात कंपनी किती टक्के भर घालते. पत्नी किंवा पती आणि मुलांसह विमा घेतला, तर हप्ता एकट्याच्या हप्त्याच्या तिप्पट-चौपट होऊ शकतो आणि वरकरणी मोठा दिसणारा पगार तिथेच लहान होतो.

पगाराची बोलणी करताना एक कायदा मदतीला येतो. १ जून २०२५ पासून न्यू जर्सीत दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत पगार किंवा त्याची किमान-कमाल मर्यादा छापावी लागते. एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसावर येणाऱ्यांसाठी कंपनीने श्रम खात्याकडे भरलेल्या अर्जात त्या कामाचा त्या भागातला प्रचलित पगार नोंदलेला असतो आणि ती माहिती सार्वजनिक असते. ती न पाहता होकार देणारे बरेच जण आढळतात, आणि नंतर शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्याच कामाचे किती घेतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा पाहवत नाही.

पगार बहुतेक ठिकाणी दर दोन आठवड्यांनी, म्हणजे वर्षातून २६ वेळा होतो. वार्षिक रकमेला बाराने भागून महिन्याचा हिशोब मांडला, तर दर महिन्याला थोडी तूट दिसत राहते आणि वर्षातले दोन महिने तीन पगारांचे निघतात. भाडे मात्र एक तारखेलाच द्यायचे असते, तेव्हा नियमित खर्च दोन पगारांत बसवावा आणि ते दोन जादा पगार विम्याचे हप्ते किंवा भारतवारीसाठी बाजूला ठेवावेत.

दुसरी पायरी: पहिल्या आठवड्यातली कागदपत्रे

उतरल्यावर आय-९४ या प्रवेशनोंदीतले नाव, व्हिसाचा प्रकार आणि मुदत संकेतस्थळावर तपासावी, कारण सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेतल्या सामाजिक सुरक्षा योजनेच्या, क्रमांकाचा अर्ज त्याच नोंदीशी पडताळला जातो. क्रमांक हातात येईपर्यंत काम सुरू करायला कायद्याची आडकाठी नसते; अर्ज केल्याचे मालकाला कळवणे पुरते. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरील जोडीदाराला काम करण्याचा परवाना नसेल, तर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. त्यांच्यासाठी करविवरणाबरोबर डब्ल्यू-७ हा अर्ज भरून ‘आयटिन’ हा करक्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक किती मोलाचा आहे, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

मालक दोन अर्ज भरायला देतो: केंद्राच्या कपातीसाठी डब्ल्यू-४ आणि राज्याच्या कपातीसाठी एनजे-डब्ल्यू४. पती-पत्नी दोघेही कमावत असतील आणि दोघांनीही सरळ ‘विवाहित’ लिहून दिले, तर प्रत्येकाचा मालक आपल्यापुरता कर कापतो, दोघांचे उत्पन्न एकत्र झाल्यावर दर वर चढतो आणि एप्रिलमध्ये काही हजार डॉलरची बाकी निघते. डब्ल्यू-४च्या दुसऱ्या टप्प्यातली खूण आणि एनजे-डब्ल्यू४च्या मागचा तक्ता नेमके यासाठीच आहेत.

तिसरी पायरी: पगारपत्रकातली कपात समजून घेणे

एकटा, अविवाहित, वर्षभर न्यू जर्सीत राहिलेला आणि करासाठी निवासी ठरलेला कर्मचारी घेऊ. पगार एक लाख डॉलर, आणि सोपेपणासाठी विम्याचा हप्ता व निवृत्तिनिधी तूर्त बाजूला ठेवू. केंद्राच्या आयकरात १५,७५० डॉलरची प्रमाण वजावट मिळून ८४,२५० डॉलर करपात्र उरतात. त्यातल्या पहिल्या ११,९२५ डॉलरवर १० टक्के, ४८,४७५ पर्यंत १२ टक्के आणि उरलेल्यावर २२ टक्के असा टप्प्याटप्प्याने कर लागून तो १३,४४९ डॉलर होतो. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचे १.४५ टक्के मिळून ७,६५० डॉलर वेगळे जातात, आणि त्यांना प्रमाण वजावट लागू नाही. सोशल सिक्युरिटीची कपात १,७६,१०० डॉलरच्या पगारावर थांबते. मेडिकेअरला अशी मर्यादा नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नाही, त्यामुळे चार वर्षांनी परत जाणाऱ्यालाही ही रक्कम भरावीच लागते, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षांच्या कामानंतरच तयार होतो.

राज्याचा आयकर १.४ टक्क्यांपासून सुरू होतो आणि दहा लाख डॉलरच्या पुढे १०.७५ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या उदाहरणात एक हजार डॉलरची वैयक्तिक सूट वजा जाता ९९ हजारांवर तो सुमारे ४,१८० डॉलर येतो. सर्वांत वरच्या हिश्श्यावरचा दर ६.३७ टक्के असला, तरी एकूण भार ४.२ टक्केच आहे. जागोजागी छापलेला १०.७५ चा आकडा पाहून दचकण्याचे म्हणूनच कारण नाही.

पगारपत्रकात याखेरीज तीन-चार बारीक ओळी असतात, ज्यांच्याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. बेरोजगारी विमा आणि त्याला जोडलेल्या निधींसाठी पहिल्या ४३,३०० डॉलरवर ०.४२५ टक्के, तात्पुरत्या अपंगत्वाच्या विम्यासाठी ०.२३ टक्के आणि कौटुंबिक रजेच्या विम्यासाठी ०.३३ टक्के, ही शेवटची दोन्ही १,६५,४०० डॉलरपर्यंतच्या पगारावर. एक लाखाच्या पगारावर यांची बेरीज ७४४ डॉलर होते. रक्कम फार मोठी नाही, आणि तिच्या बदल्यात मिळते ते मात्र मोलाचे आहे: बाळ झाल्यावर किंवा घरातल्या आजारी माणसाची काळजी घेण्यासाठी बारा आठवड्यांपर्यंत सरासरी साप्ताहिक पगाराच्या ८५ टक्के रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेत, राज्याकडून मिळते. देशातल्या बहुतेक राज्यांत अशी सोय नाही. पैसे भरलेच आहेत, तर रजेच्या वेळी अर्ज करायला संकोच करू नये. बाळाचा जन्म देणाऱ्या आईला प्रसूतीपूर्वी आणि नंतरच्या काही आठवड्यांसाठी अपंगत्व विम्याचा लाभ वेगळा मिळतो.

सर्व मिळून कपात सुमारे २६,००० डॉलर, म्हणजे हातात वर्षाला जवळपास ७४,००० आणि महिन्याला सुमारे ६,१६५ डॉलर उरतात. विम्याचा हप्ता आणि ‘४०१ के’ यातूनच जायचे आहेत. पण सहा हजार डॉलर ‘४०१ के’मध्ये टाकले, तर केंद्राचा १,३२० आणि राज्याचा ३८२ डॉलर कर वाचतो, त्यामुळे हातातली रक्कम सुमारे ४,३०० डॉलरनेच कमी होते. कंपनी त्यावर भर घालत असेल, तर निदान तेवढा वाटा तरी पहिल्या महिन्यापासून सुरू करावा.

हाच पगार असलेला विवाहित कर्मचारी, जोडीदाराला उत्पन्न नसताना, एकत्रित विवरण भरतो तेव्हा केंद्राचा कर ७,७४३ आणि राज्याचा सुमारे २,६४० डॉलरवर येतो. म्हणजे वर्षाला सव्वासात हजार डॉलरचा फरक पडतो. जोडीदाराच्या करक्रमांकाचे मोल आहे ते इथे.

न्यू जर्सीची एक खोड इथेच सांगायला हवी. केंद्राच्या नियमांनी पगारातून आधीच वजा होणारा आरोग्यविम्याचा हप्ता आणि आरोग्य बचत खात्यातली रक्कम हे राज्य करपात्रच धरते. म्हणून जानेवारीअखेर मिळणाऱ्या डब्ल्यू-२ पत्रकात, जे आपल्या फॉर्म १६ चे भावंड म्हणावे, पहिल्या चौकटीतल्या आकड्यापेक्षा सोळाव्या चौकटीतला राज्याचा आकडा मोठा दिसतो. ती चूक नव्हे, तेव्हा कार्यालयाशी वाद घालण्यात दुपार घालवू नये.

चौथी पायरी: राहायचे कोणत्या बाजूला

हे राज्य दोन मोठ्या शहरांच्या मधोमध बसले आहे. ईशान्येला न्यू यॉर्क, नैर्ऋत्येला फिलाडेल्फिया, आणि करांचे नियम दोन्हीकडे निरनिराळे आहेत. घर घेण्याआधी हे समजले नाही, तर वर्षाखेरीस मिळणारा धक्का मोठा असतो.

काम मॅनहॅटनमध्ये आणि घर जर्सी सिटी, एडिसन किंवा प्रिन्स्टन जंक्शनला असेल, तर पगारावर आधी न्यू यॉर्क राज्य कर घेते आणि दोन राज्यांची दोन विवरणे भरावी लागतात. न्यू जर्सी त्या कराची सूट देते, पण तेच उत्पन्न न्यू जर्सीत मिळाले असते तर जितका कर झाला असता तेवढ्यापुरतीच. म्हणजे दोन करांपैकी जो मोठा, तो अखेर आपल्या माथी येतो. एक लाखाच्या पगारावर तो न्यू यॉर्कचा असतो आणि काही शे डॉलरने अधिक असतो. न्यू यॉर्क शहराचा स्वतःचा आयकर मात्र शहरात न राहणाऱ्याला लागत नाही, आणि हडसन नदीच्या अलीकडे, म्हणजे न्यू जर्सीत, राहण्यातला मोठा फायदा हाच आहे. आठवड्यातले दोन दिवस घरून काम केले तर तेवढा पगार न्यू जर्सीचा धरता येईल, असा अनेकांचा समज असतो; मालकाच्या गरजेपोटी नव्हे तर आपल्या सोयीने घरून काम केले, तर न्यू यॉर्क ते दिवस स्वतःचेच मानते.

पेनसिल्व्हेनियाशी मात्र परस्पर करार आहे. काम तिकडे आणि घर इकडे असेल, तर पगारावर फक्त न्यू जर्सीचा आयकर लागतो. त्यासाठी मालकाला आरईव्ही-४१९ हा अर्ज द्यायचा असतो. हा करार राज्यांमधला आहे, शहरांमधला नव्हे, त्यामुळे फिलाडेल्फिया शहरात काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या पगारातून शहराचा सुमारे साडेतीन टक्के वेतनकर कापला जातोच. त्याची सूट न्यू जर्सीच्या विवरणात मागता येते.

प्रवासाचा खर्च याच पायरीवर मोजावा. मेट्रोपार्कहून न्यू यॉर्कला आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास, तर प्रिन्स्टन जंक्शनहून तासाभराहून अधिक लागतो, आणि मासिक पास अंतरानुसार काही शे डॉलरचा असतो. राज्याची वाहतूक संस्था असलेल्या एनजे ट्रान्झिटने जुलै २०२४ मध्ये भाडे १५ टक्क्यांनी वाढवले आणि त्यानंतर दर वर्षी ३ टक्के वाढ ठरवून टाकली. स्थानकावरचा गाडीतळ वेगळा, आणि काही गावांत त्याच्या परवान्यासाठी प्रतीक्षायादी असते. गाडीने मॅनहॅटन गाठायचे म्हटले, तर बोगद्याचा टोल आणि ५ जानेवारी २०२५ पासून साठाव्या रस्त्याच्या खालच्या भागात दिवसा आकारले जाणारे ९ डॉलर गर्दीशुल्क धरावे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या न्यू जर्सीतल्या मालकाला प्रवासखर्च करपूर्व पगारातून वळता करण्याची सोय द्यावी लागते. २०२५ मध्ये त्याची मर्यादा महिन्याला ३२५ डॉलर होती. पहिल्याच आठवड्यात ही सोय मागून घ्यावी.

पाचवी पायरी: घर भाड्याने घेणे

जर्सी सिटीत नदीकाठच्या इमारतींत एका शयनगृहाचे भाडे तीन हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. जर्नल स्क्वेअरजवळच्या जुन्या इमारतींत ते उतरते, आणि एडिसन, आयसेलिन, पिस्कॅटवे किंवा पार्सिपनीकडे दोन हजारांच्या अलीकडे-पलीकडे असते. एकटा माणूस पहिल्या वर्षी खोली वाटून राहिला, तर हजार-बाराशेत भागते आणि गाव समजून घ्यायला वेळही मिळतो. माझ्या मते कुटुंब मागाहून येणार असेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा. एडिसन-आयसेलिनमधल्या ओक ट्री रोड या भारतीय बाजारपेठेत भाजी, पोळ्या, हळदीकुंकवाचे सामान सगळे मिळते हे खरे, पण त्यासाठी त्या रस्त्याला चिकटून राहण्याची गरज नाही, कारण गाडी तरीही लागतेच.

अर्जासोबत नोकरीचे पत्र, दोन-तीन पगारपत्रके आणि पतनोंद, म्हणजे अमेरिकेतल्या कर्जफेडीचा इतिहास, मागतात. साधारणपणे वार्षिक उत्पन्न भाड्याच्या रकमेच्या काही पट असावे अशी अट असते. नवागताकडे पतनोंद नसते, तेव्हा काही घरमालक जादा अनामत मागतात. पण न्यू जर्सीच्या कायद्याने अनामत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. मालकाने ती व्याज देणाऱ्या खात्यात ठेवून बँकेचे नाव भाडेकरूला लेखी कळवायचे असते, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत व्याजासह, केलेली वजावट तपशीलवार दाखवून, परत करायची असते. मालक स्वतः राहत असलेल्या दोन-तीन घरांच्या लहान इमारतीला हे नियम आपोआप लागू होत नाहीत; भाडेकरूने तशी लेखी मागणी करावी लागते. घरात पाऊल ठेवल्या दिवशी भिंती, गालिचा, शेगडी, नळ यांची छायाचित्रे काढून मालकाला ईमेलने पाठवावीत. तीस दिवसांनंतरच्या वादात उपयोगी पडतो तो हाच पुरावा.

भाडेकराराच्या प्रती आणि भाडे दिल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. त्यांचे कारण आठव्या पायरीत येईल.

सहावी पायरी: महिन्याचा खर्च

राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, मात्र न शिजवलेले अन्न, औषधे आणि रोजचे कपडे व पादत्राणे यांना तो लागत नाही. त्यामुळे किराणा आणि मुलांचे हिवाळी कपडे इथे शेजारच्या काही राज्यांपेक्षा स्वस्त पडतात. उपाहारगृहाच्या बिलावर मात्र करही असतो आणि १८ ते २० टक्के बक्षिसीही द्यावी लागते. घरी स्वयंपाक करणाऱ्या एकट्या माणसाला किराणा, वीज-गॅस, इंटरनेट आणि फोन मिळून महिन्याला सहाशे ते सातशे डॉलर धरावेत. हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे करारात पाहावे, कारण जानेवारीचे गॅसचे बिल पाहून कोथरूडहून आलेल्याला थंडी अधिकच वाजते.

जर्सी सिटी आणि होबोकन सोडले, तर गाडी ही चैन नव्हे. भारतीय परवाना न्यू जर्सीच्या परवान्यात थेट बदलून मिळत नाही. डोळ्यांची आणि लेखी चाचणी द्यावी लागते, आणि प्रत्येक कागदाला ठरावीक गुण धरून ओळखीसाठी सहा गुणांची कागदपत्रे जमवावी लागतात. विम्याचा हप्ता इथे चढा असतो आणि अमेरिकेतला वाहनचालनाचा इतिहास नसलेल्या माणसाला तर तो अधिकच असतो. भारतातल्या परवान्याचा काळ ग्राह्य धरणाऱ्या कंपन्या काही आहेत, म्हणून किमान चार ठिकाणी दर विचारावा. १ जानेवारी २०२६ पासून किमान दायित्वविमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईचा विमा, एका व्यक्तीसाठी ३५ हजार आणि अपघातामागे ७० हजार डॉलर झाला आहे, तरी एवढ्यावर थांबू नये. एका अपघाताचा रुग्णालयखर्च ही मर्यादा एका दिवसात ओलांडतो. गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल आणि टोल मिळून महिन्याला सहाशे-सातशे डॉलरचा अंदाज वास्तवाला धरून होईल. पेट्रोल मात्र स्वतः भरायला उतरू नये. १९४९ च्या कायद्याने इथे ते काम पंपावरच्या माणसाचेच आहे, आणि ग्राहकाला पेट्रोल भरण्याची मनाई असलेले हे देशातले एकमेव राज्य उरले आहे.

लहान मूल असेल, तर या सगळ्या आकड्यांना मागे टाकणारा खर्च पाळणाघराचा. अगदी लहान बाळासाठी दीड ते अडीच हजार डॉलर महिना हा अपवाद नव्हे. जोडीदाराने नोकरी धरावी की नाही, हा प्रश्न अनेक घरांत अखेर याच आकड्यापाशी येऊन ठरतो.

आरोग्यविमा नसणे हा न्यू जर्सीत २०१९ पासून दंडनीय प्रकार आहे आणि तो दंड राज्याच्या करविवरणात भरावा लागतो. नोकरी बदलताना मधले आठवडे विम्याविना राहणार नाहीत, याची काळजी म्हणून दुहेरी.

सातवी पायरी: पहिल्या वर्षाचे केंद्राचे विवरण

इथले करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि विवरणाची मुदत १५ एप्रिल. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून असल्याने पहिल्या वर्षी दोन्हीकडचे उत्पन्न दोन वेगळ्या चौकटींत मांडावे लागते. सर्वांत आधी ठरवायचे ते हे की, आपण करासाठी निवासी आहोत की अनिवासी. चालू वर्षातले सर्व दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ किंवा अधिक झाली, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य असले, तर माणूस निवासी ठरतो.

एच-१बीवर १ ऑक्टोबरला प्रथमच आलेल्याचे त्या वर्षी ९२ दिवस भरतात, म्हणून तो मूळ नियमाने अनिवासी ठरतो: १०४०-एनआर हे विवरण, प्रमाण वजावट नाही, आणि जोडीदारासह एकत्रित विवरणही नाही. पुढच्या वर्षी निवासी ठरल्यानंतर मागच्या वर्षासाठी निवासी होण्याची निवड करता येते आणि विवाहितांना त्यातून एकत्रित विवरण भरता येते. त्यासाठी मुदतवाढ घेऊन थांबावे लागते. पण पूर्ण वर्षाचे निवासी म्हणून एकत्र विवरण भरले, की सप्टेंबरपर्यंतचा भारतातला पगारही अमेरिकेच्या विवरणात येतो, आणि मग भारतात भरलेल्या कराची सूट मागावी लागते. दोन्ही रीतींनी हिशोब करून पाहिल्याशिवाय निवड करू नये, आणि या एका वर्षापुरते तरी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या करसल्लागाराला पैसे देणे सार्थ ठरते.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे गणित निराळे. पहिली पाच कॅलेंडर वर्षे त्याचे दिवस मोजले जात नाहीत, उत्पन्न नसले तरी ८८४३ हा अर्ज भरावा लागतो, आणि त्या काळात परवानगीने केलेल्या कामावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात लागू नसते. नव्या मालकाने ती चुकून कापली, तर आधी त्याच्याकडेच परतावा मागावा. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही प्रमाण वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ही सवलत नाही आणि तयार संगणकप्रणाली कधी कधी ती विसरते, म्हणून आपणच पडताळावे.

आठवी पायरी: राज्याचे विवरण आणि मागून घ्यायचे पैसे

राज्याचे विवरण एनजे-१०४०. वर्षाच्या मध्यावर आलेला माणूस अंशकालीन निवासी म्हणून फक्त इथे राहिल्या काळातले उत्पन्न दाखवतो, त्यामुळे येण्याआधीचा भारतातला पगार यात येत नाही.

भाडेकरूंसाठी यात एक ओळ आहे, जी रिकामी सोडणारे पुष्कळ असतात. भरलेल्या भाड्याच्या १८ टक्के रक्कम ही मालमत्ता कर भरल्यासारखी धरून वजा करता येते. महिन्याला दोन हजार, म्हणजे वर्षाला २४ हजार भाडे असेल, तर ४,३२० डॉलरची वजावट मिळते आणि ६.३७ टक्के दराने सुमारे २७५ डॉलर वाचतात. दुसरा पर्याय सरसकट ५० डॉलरच्या करसवलतीचा आहे. उत्पन्न फारच कमी असेल, तरच तो बरा.

याच्याशी मिळतीजुळती, पण विवरणापासून वेगळी अशी ‘अँकर’ नावाची योजना आहे. संबंधित वर्षाच्या १ ऑक्टोबरला न्यू जर्सीत मुख्य घर म्हणून भाड्याने राहणाऱ्या आणि दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या भाडेकरूला ४५० डॉलर मिळतात. घरमालकाला दीड लाखापर्यंत १,५०० आणि अडीच लाखापर्यंत १,००० डॉलर. ज्येष्ठांना थोडे अधिक मिळतात. ही रक्कम आधीच्या वर्षासाठी असते आणि तिचा अर्ज वेगळ्या वेळी निघतो, त्यामुळे विवरण भरून मोकळे झालेले लोक तिला मुकतात.

एका वर्षात दोन मालकांकडे काम केले असेल, तर बेरोजगारी, अपंगत्व आणि कौटुंबिक रजेच्या कपाती दोन्हीकडे शून्यापासून सुरू होतात आणि मर्यादेपेक्षा जास्त कापल्या जाऊ शकतात. हा जादा पैसा एनजे-२४५० हा अर्ज विवरणासोबत जोडून परत मिळतो.

नववी पायरी: घर विकत घ्यायचा विचार आला तर

आयकर मध्यम असलेल्या या राज्याचा खरा भार मालमत्ता करात आहे. २०२४ मध्ये घरामागे त्याची राज्यातली सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेली. मोठा हिस्सा गावच्या शाळांना जातो, बाकीचा नगरपालिका आणि काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला. १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर असे चार हप्ते असतात. चांगल्या शाळांच्या गावात सहा लाखांचे घर घेतले आणि कराचा भार सुमारे दोन टक्के धरला, तर महिन्याला हजार डॉलर एवढा करच होतो, आणि तो कर्ज फिटल्यावरही चालू राहतो. म्हणून घर पाहताना किमतीआधी कराचे बिल मागावे. व्हिसाची मुदत, नोकरीचे स्थैर्य आणि किमान पाच वर्षे तिथेच राहण्याची शक्यता जमत नसेल, तर भाड्याने राहणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे नव्हे.

दहावी पायरी: भारतातली खाती

निवासी ठरल्यावर अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर कर मागते, म्हणून पुण्यातल्या मुदत ठेवीचे व्याजही इथल्या विवरणात येते. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांनी परदेशी कमाई ठेवण्याच्या, खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी इथे करपात्रच असते. केंद्र सरकार भारतात भरलेल्या कराची सूट देते. न्यू जर्सी मात्र परदेशात भरलेल्या कराची सूट देत नाही. तिची सूट अमेरिकेतल्या इतर राज्यांपुरती आहे. भारतातले म्युच्युअल फंड इथे अत्यंत किचकट आणि महागड्या नियमांखाली येतात, तेव्हा येण्याआधी किंवा निवासी ठरण्याआधी ते विकावेत का, हे सल्लागाराला विचारावे. आल्यावर विचारून उपयोग कमी.

भारतातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली, तरी ‘एफबार’ ही परदेशी खात्यांची नोंद स्वतंत्रपणे भरावी लागते. आईवडिलांबरोबर संयुक्त असलेले खाते, ज्यात आपले नाव फक्त सोयीसाठी घातले आहे, तेही यात धरले जाते. नोंद भरण्यात कर लागत नाही; न भरल्याचा दंड मात्र जबर असतो. जुनी निवासी बचत खाती बँकेला कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नासाठीची, करून घ्यावीत. घरी पैसे पाठवताना बँक खात्यातून पाठवावेत, कारण १ जानेवारी २०२६ पासून रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांवर एक टक्का कर लागतो आणि खात्यातून किंवा अमेरिकेतल्या कार्डाने पाठवलेल्यांवर तो लागत नाही.